मागावरची मोजणी साक्षरता वर्गात आणावी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

7 ऑगस्टच्या राष्ट्रीय हातमाग दिनानिमित्त पैठणीविषयी दरवर्षी भरपूर छापून येते. पण हा माग विणकरांच्या घरातील बायकांना काय काय शिकवून जातो, याविषयी क्वचितच वाचायला मिळते, म्हणून हे पत्र.

मी येवला तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून सध्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून शिकवते. माझ्या वर्गात पंचेचाळिशीच्या एक बाई येत असत. फळ्यावर भागाकार मांडला की त्या मान खाली घालत. एकदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्या खड्डा मागावर बसून पदरातले समोरासमोरचे दोन मोर विणत होत्या. प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे रंगीत धागा गुंडाळलेली छोटी काडी, वेगळी, आणि ती ओवण्याआधी ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे बोटाने मोजून उचलायचे. डावीकडे जितके सोडले तितकेच उजवीकडे. ‘‘बाई, एक धागा चुकला तरी मोराची चोच वाकडी होते,’’ त्या म्हणाल्या. 48 धाग्यांत सहा-सहाचे गट किती, असे मी सहज विचारले, तर हात न थांबवता ‘‘आठ’’ असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चौकटींचा कागद नेला आणि त्यावरूनच त्या अंक व भागाकार लिहायला शिकल्या.

हे ज्ञान त्यांना सासूबाईंकडून मिळाले होते. असारी या फिरत्या साधनावर रेशीम उकलणे, कांड्या म्हणजे धाग्याच्या नळ्या भरणे, लाल ताण्यावर हिरवा बाणा (आडवा धागा) टाकला तर कापड कोणत्या छटेचे दिसेल हे ओळखणे, अशा पायऱ्यांनी हे शिक्षण वर्षानुवर्षे चालते. त्यात वही-पुस्तक नसते, म्हणून आपण त्याला शिक्षण म्हणत नाही. याच बाईंच्या कर्जाच्या अर्जावर एका कार्यालयात ‘शिक्षण : निरक्षर, व्यवसाय : गृहिणी’ असे लिहिले गेले, तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि मला फार वाईट वाटले. 2019-20 च्या हातमाग गणनेनुसार देशातील हातमाग कामगारांपैकी सुमारे 72 टक्के महिला आहेत, हे त्या अर्जाला ठाऊक नव्हते.

यावरून मुलींना शाळेतून काढून मागावर बसवावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. शाळेला पर्याय नाही, आणि विणकरांच्या मुलींना तर ती अधिकच हवी. माझे म्हणणे प्रौढ महिलांपुरते आहे. साक्षरता चाचणीत वाचन आणि लेखनाच्या बरोबरीने संख्याज्ञानाचीही परीक्षा होते. त्याच्या सरावासाठी येवला आणि पैठण परिसरातील वर्गांत फळ्याऐवजी मागावरची उदाहरणे घ्यावीत, नक्षीचा चौकटींचा कागद पाठ्यसाहित्यात ठेवावा आणि जाणत्या विणकर महिलांना मानधन देऊन वर्गात बोलवावे. आधी अवगत असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहेच. ते प्रमाणपत्र घरातल्या पुरुषाबरोबर या बाईच्याही नावाने निघावे, यासाठी शिक्षण आणि वस्त्रोद्योग विभागांनी येत्या सत्रापूर्वी एकत्र बसून निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. येवला, जि. नाशिक