सोलापुरात काय ठेवलंय म्हणता?

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "घर विकून टाकू. इथं आता काय ठेवलंय?" तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही माझ्याकडं हवं तितकं राहा, पण घर विकायचा विचार सध्या बाजूला ठेवा.

बाबा, दर 12 जानेवारीला तुम्ही मला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यायचात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही नावं शाळेच्या पुस्तकाआधी तुमच्या तोंडूनच पाठ झाली. 1930 चा मार्शल लॉ आणि 1931 साली येरवड्यात दिलेली फाशी सांगताना तुमचा आवाज जड व्हायचा. चौघं चार समाजांतले, हे तुम्ही दरवेळी न विसरता सांगायचात. इथं पुण्यात लोक एकमेकांची आडनावं चाचपून बोलायला लागले की मला ते पुतळे आठवतात.

आणि त्याच सुमारास आपल्या गड्ड्याच्या यात्रेतलं यण्णीमज्जन! ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांनी, स्थापलेल्या 68 लिंगांना तेलाचा अभिषेक. मग दुसऱ्या दिवशी देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर लग्नाच्या अक्षता. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, डोलत येणारे सात नंदीध्वज, "बोला हर्र"चा गजर आणि तुमच्या खांद्यावरून अक्षता टाकणारी मी. कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामांच्या योगदंडाशी लागलं, ही कथा आईनं सांगितली तेव्हा मी रडले होते. अजूनही ती ऐकली की गलबलून येतं.

आपली गल्ली तर काय सांगू! दिवसभर मागांची खटखट. शेजारच्या अक्का तेलुगूत हाका मारायच्या, समोरच्या आजी कन्नडमध्ये रागवायच्या, कोपऱ्यावरचे चाचा उर्दूत हिशेब सांगायचे. आम्हा पोरांना सगळं कळायचं. तिथं पहाटे सूत भरणाऱ्या, दुपारी विड्या वळणाऱ्या बायका बघितल्या, म्हणून कष्टाचं काम मला कधी हलकं वाटलं नाही. गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी घरं कोलमडली, हेही आपण बघितलंय. तुमच्या "काय ठेवलंय"मागं ते दुःख आहे, मला ठाऊक आहे. पण बाबा, माणसं तिथंच राहिली, पुन्हा उभी राहिली. तुम्ही दोघंही त्यांतलेच.

तुमच्या नातीला सोलापूर म्हणजे फक्त चादर माहीत आहे. यंदा गड्ड्याला तिला घेऊन येते, भोगीच्या आधीच. तिला तलावाच्या मधलं सिद्धेश्वराचं देऊळ आणि भुईकोट किल्ला दाखवायचाय. आई, गरगट्टा, कडक भाकरी, शेंगापोळी सगळं पाहिजे. चटणी मात्र मिक्सरवर करू नकोस, शेंगदाणे उखळात कुटले की जसं तेल सुटतं, तसं मिक्सरवर सुटत नाही. उखळ माळ्यावरून खाली काढायला शेजारच्या पोराला सांग, कुटायला मी आहे.

आणि बाबा, घर बघायला येणाऱ्यांना सध्या नको म्हणून कळवा.

तुमची लेक