उंच मालासाठी स्वयंचलित फ्रेम आणा

महोदय,

बंदरात लॅशिंगच्या, म्हणजे जहाजावरचा माल बांधण्या-सोडण्याच्या कामात माझी २२ वर्षे गेली. साध्या कंटेनरला क्रेनचा स्प्रेडर, म्हणजे कंटेनर पकडणारी चौकट, चार कोपऱ्यांत बसतो, ऑपरेटर केबिनमधूनच लॉक फिरवतो. पण फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर, बॉयलर किंवा ट्रान्सफॉर्मर आला, की माल कोपऱ्यांच्या वर जातो आणि स्प्रेडर खाली पोचतच नाही. मग साखळ्या, आकडे आणि शिडीवर चढलेला माणूस! गेल्या पावसाळ्यात माझ्या सोबत्याचा पाय ओल्या लोखंडावरून घसरला, मनगट मोडले. स्प्रेडरला जोडून मालाच्या वरून कोपऱ्यांपर्यंत पोचणाऱ्या आणि केबिनमधूनच लॉक होणाऱ्या उंच फ्रेम जगभर वापरात आहेत. प्रत्येक धक्क्यावर निदान एक तरी ठेवा. यंत्राने आमचे काम जाईल, ही भीती मलाही आहे. पण शिडीवरचे हे काम गेलेलेच बरे.

– एक गोदी कामगार, ठाणे