फँटसी सुचवताना मालिकेचे नव्हे, भागाचे नाव सांगा

महोदय,

सुट्टी जवळ आली की शाळांच्या आणि वाचनालयांच्या वाचनयाद्या निघतात. त्यात कुमारवयीन मुलांसाठी फँटसीलाही जागा मिळू लागली, ही आनंदाची गोष्ट. पण यादीत नुसते ‘हॅरी पॉटर मालिका’, ‘नार्निया मालिका’ असे मोघम लिहून भागत नाही. एकाच मालिकेतले भाग वेगवेगळ्या वयाला मानवतात. भलता भाग भलत्या वेळी हाती पडला, तर मूल या प्रकारच्या पुस्तकांकडेच पाठ फिरवते.

हॅरी पॉटरचेच पाहा. मूळ ब्रिटिश आवृत्तीचा पहिला भाग २२३ पानांचा, पाचवा ७६६ पानांचा. चौथ्याच्या अखेरीस एका विद्यार्थ्याची हत्या होते आणि तिथून मालिकेचा नूरच पालटतो. दहा वर्षांच्या मुलाला पहिले तीन भाग खुशाल द्यावेत, चौथ्याला वर्षभर थांबले तरी बिघडत नाही.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’त हे अंतर फारच मोठे आहे. पहिले पुस्तक ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ चे, साधारण दोनशे पानांचे. पुढचे भाग वाचले नाहीत तरी गोष्ट पुरी होते. जादू शिकणारा एक मुलगा ईर्ष्येपोटी नको तो मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली मोकळी सुटते. आधी तो तिच्यापासून पळतो, मग वळून तिचाच माग काढतो. तेरा-चौदाच्या वयाला याहून चांगली सुरुवात मला तरी माहीत नाही. पण १९९० साली आलेल्या ‘तेहानू’ या चौथ्या भागात अत्याचार होऊन आगीत होरपळलेली लहान मुलगी आहे आणि तिला सांभाळणारी मध्यमवयीन विधवा आहे. पुस्तक श्रेष्ठच, पण ते सोळा-सतराच्या आधी देऊ नये. एकगठ्ठा संच घरात आणला की हेच भान सुटते.

नार्नियात घोळ क्रमाचा आहे. कपाटातून बर्फाळ प्रदेशात नेणारे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे पुस्तक १९५० साली सर्वांत आधी आले. आताच्या संचांत मात्र १९५५ च्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर १ हा आकडा असतो, कारण कथेतला काळ त्यात आधीचा आहे. ते आधी वाचले तर जंगलात दिव्याचा खांब कुठून आला हे कोडे पडण्यापूर्वीच सुटते. आकड्याकडे लक्ष न देता कपाटापासूनच सुरुवात करावी.

टोल्किनच्या बाबतीत ‘हॉबिट’ आधी, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हाती घेतल्यावर मात्र हॉबिट या बुटक्या लोकांच्या चालीरीती आणि तंबाखूवरचे लांबलचक प्रास्ताविक सोडून थेट पहिल्या प्रकरणावर जावे. मुले त्या प्रास्ताविकातच अडकतात. मुग्धा कर्णिक यांनी केलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवादही आहे.

पुस्तकाला चित्रपटासारखे प्रमाणपत्र नसते. ‘यंग अडल्ट’ (किशोरवयीनांसाठी) हा शिक्का प्रकाशक लावतो आणि तो बदलतोही. सारा जे. मास यांची २०१५ साली सुरू झालेली ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही लोकप्रिय मालिका आधी किशोर विभागात होती, नंतर तीच नव्या मुखपृष्ठांनिशी प्रौढ विभागात गेली. त्यातली शरीरसंबंधांची वर्णने मोकळी आहेत. सातवी-आठवीतल्या मुलीला मुखपृष्ठ पाहून ती देऊ नये.

मराठी माध्यमातल्या मुलांची एक अडचण यादी करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. इंग्रजी फँटसीत कोणता शब्द भाषेतला आणि कोणता लेखकाने रचलेला, हे त्यांना उमगत नाही. ‘गॉब्लिन’ शब्दकोशात सापडतो म्हणून ‘क्विडिच’ हा हॅरी पॉटरच्या लेखिकेने रचलेला खेळही शोधत बसतात आणि दहाव्या पानावर थकतात. नावे तशीच वाचत पुढे जा, अर्थ ओघात कळेल, एवढे आधी सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. हॅरी पॉटरचा पहिला भाग ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या मराठी रूपात वाचून मग दुसरा इंग्रजीत घेणे हाही चांगला मार्ग आहे.

पुस्तक सुचवण्यापूर्वी ‘तुला काय आवडतं?’ असे विचारले की बहुतेक मुले खांदे उडवतात. ‘शेवटपर्यंत वाचलेलं अलीकडचं पुस्तक कोणतं?’ असे विचारावे, म्हणजे किती पाने झेपतात याचा अंदाज येतो.

ग्रंथपालांना विनंती, की पहिल्या भागाच्या दोन-तीन प्रती ठेवाव्यात आणि दुसरा भाग गहाळ असेल तर पहिला देतानाच तसे सांगावे. पदपथावरच्या नकली प्रती देणगी म्हणूनही घेऊ नयेत. त्यांत नकाशा पुसट छापलेला असतो किंवा गाळलेला असतो, आणि ‘अर्थसी’सारख्या बेटांच्या जगात मुलाला तो पानोपानी उलटून पाहावा लागतो.

— एक ग्रंथालय कार्यकर्ता, सातारा