खुर्ची बदलते तेव्हा खाका कुणाकडे जातो?

संपादक महाशय,

एखाद्या नामांकित फॅशन हाउसचा क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे डिझाइनचा प्रमुख, पायउतार झाला की बातमी ठरलेल्या वळणाने जाते. जाणाऱ्याचे गुणगान, शेवटच्या शोचे फोटो आणि रिकाम्या खुर्चीवर कोण बसणार याचे तर्क. पण कपडे जिथे कापले, भरले आणि शिवले जातात तिथे पहिला प्रश्न वेगळाच असतो: पॅटर्न, म्हणजे कपडा कापायचे साचे, तेच राहणार की बदलणार? बाहेरच्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. आत काम करणाऱ्यांचे पुढचे सहा महिने त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात, म्हणून हे पत्र.

ड्रीस व्हान नोटेन यांचे जाणे आम्हाला आदर्श वाटते. अँटवर्पच्या या डिझायनरचे आजोबा शिंपी होते आणि वडिलांचे कपड्यांचे दुकान होते. १९८६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने कपडे विकायला सुरुवात केली. २०१८ मध्ये बार्सिलोनाच्या प्वीग समूहाने कंपनीतला मोठा हिस्सा घेतला, तरी डिझाइनची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली. मग १९ मार्च २०२४ रोजी त्यांनी पत्र लिहून कळवले की जूनमधला पुरुषांच्या कपड्यांचा शो आपला शेवटचा. २२ जूनला पॅरिसलगतच्या ला कूर्नव्ह इथे तो झाला. सप्टेंबरचा स्त्रियांचा संग्रह स्टुडिओतल्या मंडळींनी मिळून केला. डिसेंबरमध्ये ज्युलियन क्लाउसनर यांचे नाव जाहीर झाले आणि मार्च २०२५ मध्ये त्यांचा पहिला शो पॅरिसच्या ऑपेरा गार्निएमध्ये झाला. क्लाउसनर २०१८ पासून त्याच स्टुडिओत काम करत होते.

या तारखांमध्ये कारखान्याचा विचार दिसतो. स्त्रियांच्या उन्हाळी कपड्यांचा शो सप्टेंबरअखेर होतो आणि माल दुकानात साधारण जानेवारी-फेब्रुवारीत लागतो. पण त्यासाठीचे कापड शोच्या सहा-सात महिने आधी पाहायला घेतात. गिरणी ठरावीक मीटरच्या खाली रंगवून देत नाही, आणि एकदा तागा रंगवला की ऑर्डर मागे घेता येत नाही. त्यामुळे डायरेक्टर मोसमाच्या मध्यात अचानक गेला तर त्याने निवडलेले कापड येऊन पडते आणि त्याचे काय करायचे हे सांगणारा कुणी नसतो. मार्चमध्ये सांगून जूनमध्ये थांबायचे म्हटले की हाती घेतलेले काम पुरे होते आणि पुढच्या कापडाचा निर्णय पुढची माणसे घेतात. तीन महिन्यांची ही मुदत पाहुण्यांच्या निरोप समारंभासाठी नसते, ती कापडासाठी असते.

आता पॅटर्नचे. प्रत्येक हाउसचे स्वतःचे ब्लॉक असतात: जाकीट, बाही, पँट यांचे मूळ साचे, जाड पुठ्ठ्यावर कापून खाचा पाडलेले. गिऱ्हाईक 'यांचे जाकीट मला बसते' म्हणते, ते या ब्लॉकमुळे. लोकरी जाकिटात बाहीचा माथा मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईच्या, घेरापेक्षा अडीच ते चार सेंटीमीटर मोठा ठेवतात आणि ही वाढीव लांबी चुण्या न पाडता वाफेने जिरवतात. तोच साचा घट्ट विणीच्या पॉपलिनवर वापरला तर एक सेंटीमीटरही धड जिरत नाही आणि खांद्यापाशी चुण्या उभ्या राहतात. नवा डायरेक्टर बहुधा पहिला हात खांद्यालाच घालतो, कारण पोशाखाची बाह्यरेषा तिथून बदलते. खांदा उतरवला की माथ्याची उंची कमी करावी लागते, माथा कमी केला की बाही रुंद होते, आणि मुंढा तसाच ठेवला तर हात वर करताना सगळे जाकीट वर ओढले जाते. म्हणून प्रत्येक बदल आधी मांजरपाटात कच्चा शिवून, माणसाच्या अंगावर घालून बघतात. एका जाकिटाला अशा दोन-तीन फेऱ्या लागतातच. त्यातून सुटका नाही आणि असूही नये.

पण भरतकामाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, आणि याबद्दल फारच कमी लिहिले जाते.

मोती, टिकल्या, जरीचे जड काम शिवलेल्या कपड्यावर करत नाहीत. ते अखंड कापडावर, कापण्याच्या आधी होते. पॅटर्नच्या प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा आणि आतली नक्षी बटर पेपरवर काढतात आणि रेषेवरून सुईने बारीक भोके पाडतात. हा झाला खाका. कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून बांधतात, त्यावर खाका ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या पुडीचा बोळा फिरवतात. गडद कापडाला पांढरी पूड, फिक्याला नीळ. बोळा पिळून घेतला नाही तर रॉकेल पसरते, रेष फुटते आणि फिक्या रेशमावर तेलकट कडे राहते. कापड बांधताना उभा धागा अड्ड्याच्या लाकडाला काटकोनात नसेल तर काम चालू असताना काहीच कळत नाही. अड्डा सोडला की कापड आपल्या मूळ वळणावर जाते आणि नक्षी तिरकी होते. ती मग सरळ करता येत नाही. दाट काम कापड आतही ओढते, म्हणून अड्ड्यावरून उतरवल्यावर बाह्यरेषा पॅटर्न ठेवून पुन्हा तपासतात. काठाला तीन-चार सेंटीमीटर जास्तीचे कापड सोडलेले असते, ते यासाठीच.

शिवणीचे गणित याहून नाजूक असते. मण्यांचे काम शिवणरेषेच्या अलीकडे थांबवावे लागते. मायेत, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेल्या कापडात, मणी गेले तर मशीनची सुई तुटते, म्हणून तिथले मणी फोडून काढतात, शिवण मारतात आणि मग शिवणीवरची मोकळी जागा हाताने भरून घेतात. अर्धे फूल पुढच्या भागावर आणि अर्धे पाठीवर असते तेव्हा दोन्ही अर्धी बगलेच्या शिवणीवर जुळली पाहिजेत. दोन मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आता समजा, नव्या डायरेक्टरने मुंढा फक्त अर्धा सेंटीमीटर खाली आणला. मुंढ्याची गोलाई बदलली, बगलेची लांबी बदलली, फुलाचे दोन अर्धे सरकले. डावी आणि उजवी बाजू एकच खाका उलटा करून भागवता येते, म्हणजे पुढचा भाग, पाठ आणि बाही असे एका मापाचे तीन खाके. पाच मापांचे पंधरा. नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी असेल तर दोन पुढचे भाग, एक पाठ, दोन बाह्या असे एका मापाचे पाच, आणि सगळे मिळून पंचवीस. मापागणिक छातीचा घेर चार सेंटीमीटरने वाढतो, म्हणजे पुढच्या अर्ध्या भागाला एक सेंटीमीटर मिळतो. तो नक्षीत कुठे मुरवायचा हे प्रत्येक मापाला नव्याने ठरवावे लागते, कारण फूल ताणून मोठे करता येत नाही. शोच्या बातमीत हा बदल 'नवी, सैलसर बाह्यरेषा' या तीन शब्दांत संपतो.

आणि हे सगळे ऑर्डर आलीच तर. त्याआधी नमुने करावे लागतात. नमुन्याचे पैसे वेगळे मिळतातच असे नाही, पुष्कळदा ते मोठ्या ऑर्डरीतच वसूल होतात. डायरेक्टर बदलला की जुने मंजूर नमुने बाजूला पडतात आणि त्यांची वसुलीही थांबते. सलग दोन मोसम भरतकाम नसेल तर अड्ड्यावरची माणसे दुसऱ्या कामाला लागतात, आणि ती परत येतीलच असे नाही. व्हान नोटेन यांच्याबद्दल आम्हाला विशेष आदर आहे तो यासाठी. कोलकाता परिसरातल्या भरतकाम करणाऱ्यांशी त्यांनी अनेक दशके संबंध ठेवला आणि त्यांच्या हातांना काम राहावे म्हणून प्रत्येक संग्रहात भरतकाम असेल याची काळजी घेतली. फॅशन साधेपणाकडे झुकली होती त्या वर्षांतही.

मुंबईच्या वाचकांना यापेक्षा जवळचे उदाहरण म्हणजे मारिया ग्राझिया क्युरी. २०१६ मध्ये त्या पॅरिसच्या दिओर या फॅशन हाउसच्या स्त्रियांच्या संग्रहांच्या प्रमुख झाल्या, त्या जागेवरची पहिली स्त्री. मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेशी त्यांचे नाते त्याहून जुने. जानेवारी २०२२ च्या कूत्युर (मापानुसार हाताने शिवलेल्या कपड्यांच्या) शोसाठी चित्रकार माधवी आणि मनू पारेख यांची चित्रे भरतकामात उतरवून पॅरिसच्या रोदँ संग्रहालयातल्या मंडपाच्या भिंतींवर लावली गेली, ते काम चाणक्यच्या कारागिरांचे. ३० मार्च २०२३ रोजी दिओरचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला. २९ मे २०२५ रोजी क्युरी पायउतार झाल्याचे जाहीर झाले, चारच दिवसांत जोनाथन अँडरसन यांच्याकडे सूत्रे गेली, आणि ऑक्टोबरमध्ये क्युरी फेंडी या इटालियन फॅशन हाउसमध्ये रुजू झाल्या. पत्रकाराने विचारावा असा प्रश्न इथे आहे. कारागिरांशी जोडलेले नाते हाउसचे असते की त्या व्यक्तीचे? नोंदी हाउसच्या दप्तरी नीट असतील तर ते दोघांचेही राहू शकते.

घाईत केलेल्या बदलाचे काय होते तेही दिसले आहे. दोनातेल्ला व्हर्साची यांनी जवळजवळ तीन दशकांनंतर मार्च २०२५ मध्ये व्हर्साची हाउसचे पद सोडले, १ एप्रिलपासून दारिओ व्हिताले आले, आणि एक शो करून डिसेंबरमध्ये तेही बाहेर पडले. एका शोमध्ये ब्लॉकसुद्धा स्थिरावत नाही. याउलट फेब्रुवारी २०१० मध्ये डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा संग्रह अर्धवट होता. साराह बर्टन आणि सहकाऱ्यांनी तो पुरा करून मार्चमध्ये १६ पोशाख दाखवले. बर्टन १९९६ पासून मॅक्वीन यांच्या हाउसमध्ये होत्या, म्हणूनच ते जमले. पुढच्या वर्षी ब्रिटिश राजघराण्यातल्या विवाहाचा पोशाख त्यांनी केला. त्याच्या लेसकामात रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्कच्या मंडळींनी दर अर्ध्या तासाला हात धुतले आणि दर तीन तासांनी सुया बदलल्या. आतला उत्तराधिकारी म्हणजे दुय्यम निवड, असा सूर काही लेखांत असतो. आम्हाला तो मुळीच पटत नाही. डायरेक्टर 'जरा हलके करा' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ दर तिसरा मणी गाळणे असतो की धागा बारीक करणे, हे त्याच्याशेजारी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या सहायकाला माहीत असते.

अर्काइव्हबद्दल थोडे. हाउस जुने पोशाख जपतात, ते योग्यच. तेही हँगरवर न टांगता सपाट ठेवावे लागतात, नाहीतर मण्यांच्या वजनाने खांद्याचे कापड ताणले जाते. पण पोशाख म्हणजे पॅटर्न नव्हे. ब्लॉकचे पुठ्ठे तारीख आणि मापासह, खाके, धाग्याचे नंबर, मण्यांचे आकार आणि मंजुरीची सही असलेला सीलबंद नमुना, एवढे हाती आले तरच तो पोशाख पुन्हा घडू शकतो. बटर पेपर पिवळा पडून भोकांच्या रेषेवरच फाटतो, म्हणून खाके स्कॅन करावेत. मात्र खाक्यावर आधी दहा सेंटीमीटरची मोजपट्टी काढून घ्यावी. स्कॅनमध्ये एक टक्का जरी फरक पडला तरी साठ सेंटीमीटरच्या तुकड्यावर तो सहा मिलिमीटर होतो, आणि बगलेवरचे फूल तेवढ्यात चुकते.

आपल्याकडे दोन मागण्या. अशा बातमीबरोबर पोशाखाचा फोटो छापताना डिझायनरच्या नावाशेजारी भरतकाम कुणी केले तेही छापावे. हाउसने सांगितले नसेल तर विचारावे. आणि पुढच्या वेळी उत्तराधिकाऱ्याची मुलाखत मिळाली तर जुन्या मंजूर नमुन्यांच्या ऑर्डरी चालू राहणार का, हे पहिल्या पाच प्रश्नांत विचारावे.

आपले,
वस्त्रनिर्मिती आणि भरतकामाच्या व्यवसायातील काही वाचक