गर्दीच्या रिसॉर्टऐवजी लहान डोंगर निवडावेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हिवाळा जवळ आला की मराठी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत बर्फाच्या प्रदेशांवरील लेख दिसू लागतात. परदेशात राहूनही मी ते आवर्जून वाचते. या लेखांतील नावे मात्र बहुधा ठरलेली असतात. आल्प्समधील प्रसिद्ध गावे, अमेरिकेतील व्हेल आणि अ‍ॅस्पेन, आपल्याकडचे गुलमर्ग आणि सोलंग, यांच्या पलीकडे लेखणी फारशी जात नाही. मी अमेरिकेतील आयडाहो राज्यात, बॉइसी शहरात राहते. येथील मराठी कुटुंबेही नाताळच्या सुटीत याच मोठ्या नावांच्या मागे धावतात, लिफ्टच्या रांगेत मुलांना थंडीत उभे करतात, आणि परतल्यावर स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ आहे, आपले ते काम नव्हे, असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे ठाम मत असून, त्याविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

व्हेलसारख्या ठिकाणी ऐन हंगामात खिडकीवर घेतलेले लिफ्टचे एका दिवसाचे तिकीट गेल्या काही वर्षांत ३०० डॉलरच्या वर गेले आहे. चौघांच्या कुटुंबाने ते काढायचे, भाड्याने साहित्य घ्यायचे, शिवाय पायथ्याशी राहायचे, म्हणजे नोकरदार माणसाच्या पोटात गोळा येणारच. याउलट आयडाहो, माँटाना, वायोमिंग आणि उत्तर यूटा या भागांत असे अनेक डोंगर आहेत, की जेथे मोठा विमानतळ जवळ नाही, तारांकित हॉटेल नाही, खुर्च्यांच्या लिफ्टही जुन्या आणि संथ आहेत. याच कारणांमुळे तेथे गर्दी होत नाही. प्रसिद्ध डोंगरावर रात्री पडलेला बर्फ सकाळी दहा-अकरापर्यंत शेकडो स्कीपटूंच्या रेघांनी उखडून गेलेला असतो, तर या लहान डोंगरांवर दुपारच्या जेवणानंतरही अस्पर्श उतार सापडतात. स्वतःची मोटार घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला हे सर्व सहज आवाक्यात आहे.

बर्फाच्या प्रतीविषयीही थोडे सांगायला हवे. पॅसिफिक महासागरावरून येणारी ओली हवा प्रथम किनाऱ्याजवळील कॅस्केड पर्वतरांगेवर आपला बराचसा भार उतरवते. तेथील बर्फ जड आणि चिकट असतो. तीच हवा शेकडो मैल आत येईपर्यंत थंड आणि कोरडी झालेली असते, त्यामुळे आतल्या डोंगरांवर पडणारा बर्फ हलका, भुरभुरीत, फुंकरीने उडावा असा असतो. दहा इंच ताजा बर्फ वितळवला तर साधारण एक इंच पाणी मिळते असा ढोबळ हिशेब आहे, परंतु या आतल्या प्रदेशात पुष्कळदा तेवढेही मिळत नाही. वायोमिंगमधील ग्रँड टार्घी हे याचे उत्तम उदाहरण आहे. टीटन पर्वताच्या पश्चिम उतारावर असल्यामुळे पश्चिमेकडून येणारे प्रत्येक वादळ तेथे वर चढते आणि रिते होते. सह्याद्रीच्या कड्यावर महाबळेश्वरला धो धो पाऊस कोसळावा आणि थोड्याच अंतरावरील पाचगणीला तो निम्म्याहूनही कमी व्हावा, तसाच हा प्रकार आहे. टार्घीला हंगामात सरासरी ५०० इंच, म्हणजे साडेबारा मीटरहून अधिक बर्फ पडतो. हे ठिकाण वायोमिंगमध्ये असले तरी तेथे जाणारा रस्ता आयडाहोतील ड्रिग्ज या छोट्या गावातूनच जातो. अर्थात इतका बर्फ देणारे ढग पुष्कळदा डोंगरावरच मुक्काम ठोकतात आणि दहा फुटांपलीकडचे दिसेनासे होते. त्यामुळे जाणाऱ्याने एखादा दिवस हातचा राखावा.

ड्रिग्जहून पुढे सॅमन या गावाकडे जावे आणि तेथून ९३ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेस माँटानाच्या सीमेवरील खिंड गाठावी, असे मी ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाला सुचवते. १८०५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणारी लुइस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम याच परिसरातून वाट शोधत गेली होती. आज त्या खिंडीत लॉस्ट ट्रेल नावाचा स्कीइंगचा डोंगर आहे. सुटीचे काही दिवस वगळता तो गुरुवार ते रविवार एवढाच चालतो. सोमवार ते बुधवार पडलेला बर्फ जसाच्या तसा साचून राहतो आणि गुरुवारी सकाळी येणाऱ्याला तो मिळतो. पायथ्याशी राहण्याची सोय नाही, मुक्काम खाली सॅमनला किंवा पलीकडे बिटररूट खोऱ्यातील एखाद्या गावात करावा लागतो. मुलांना शाळेच्या सुटीतील एखादा गुरुवार-शुक्रवार मिळत असेल तर त्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

या डोंगरांची मालकी कोणाची, हा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. बॉइसीजवळचे बोगस बेसिन १९४२ मध्ये सुरू झाले आणि ते ना-नफा संस्थेमार्फत चालवले जाते. १९९८ मध्ये या संस्थेने सुमारे ५०० डॉलरचा हंगामी पास एकदम १९९ डॉलरला उपलब्ध केला आणि सामान्य कुटुंबांची त्यावर झुंबड उडाली. माँटानातील बोझमनजवळचे ब्रिजर बोलही ना-नफा तत्त्वावर चालते. तेथे नवा बर्फ पडला की शहरातील एका जुन्या हॉटेलच्या छतावरचा निळा दिवा उघडझाप करू लागतो आणि सारे गाव दुसऱ्या दिवशीच्या तयारीला लागते. यूटातील लोगन दरीतले बीव्हर माउंटन १९३९ पासून एकाच कुटुंबाकडे आहे. दूर पूर्वेकडे व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन हा डोंगर १९९५ पासून स्कीपटूंच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रातील वाचकांना त्याचे विशेष कौतुक वाटावे. अशा ठिकाणी पैसे खर्च झाले तर ते त्याच गावात फिरतात. विश्रामगृहात आपले बाक धरून घरचा डबा खाण्याला कोणी हरकत घेत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गेलात तर गूळपोळ्या न्याव्यात, त्या थंडीत चार दिवस टिकतात आणि उतारावर भूक सपाटून लागते.

ताज्या बर्फाचे वर्णन वाचून कोणी नवशिक्या मुलांना थेट गुडघाभर बर्फात नेऊ नये. खोल बर्फात दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून न थांबता घसरत राहावे लागते, आणि पडले तर सुटलेली स्की बर्फाखाली सापडता सापडत नाही. मुलांनी आधी यंत्राने सपाट केलेल्या उतारावर प्रशिक्षकाकडून शिकावे. आई-वडिलांनी स्वतः शिकवण्याचा हट्ट धरू नये, तो दोघांनाही त्रासाचा होतो. लहान डोंगरांवर शिकवणीचे वर्गही लहान असतात, त्यामुळे प्रत्येक मुलाकडे लक्ष पुरते. पहिल्या दिवशी दोन्ही स्कींची पुढची टोके जवळ आणून पाचरीसारखा आकार करून थांबायला आणि वळायला जमले तरी पुष्कळ झाले. शिकणाऱ्यासाठी सपाट उतारावर रात्री पडलेले तीन-चार इंचच सर्वांत आनंदाचे असतात.

धोक्यांविषयी मात्र मराठी लेखनात जवळजवळ मौन असते, आणि त्याची मला खरी काळजी वाटते. सदाहरित झाडांच्या पसरट फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ दाबला जात नाही आणि तेथे पोकळ खड्डा तयार होतो. त्यात डोके खाली होऊन पडलेला माणूस एकट्याने क्वचितच बाहेर येऊ शकतो आणि मिनिटांत गुदमरतो. म्हणून ताज्या बर्फाच्या दिवशी झाडांमध्ये एकट्याने कधीही जाऊ नये, सोबती नजरेच्या टप्प्यात असावा आणि गळ्यात शिट्टी असावी. दुसरी गोष्ट हद्द दाखवणाऱ्या दोरीची. स्कीइंगच्या हद्दीत पहाटे गस्ती पथके स्फोटके वापरून धोकादायक बर्फ मुद्दाम खाली पाडतात. दोरीपलीकडे ती जबाबदारी कोणीच घेतलेली नसते. ३० ते ४५ अंशांचे उतार हिमस्खलनाला सर्वांत अनुकूल, आणि मोहात पाडणारेही नेमके तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळ हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेतही दर हिवाळ्यात साधारण दोन डझन माणसे अशा तऱ्हेने जातात, आणि बहुतेक वेळा ते स्खलन त्या गटातीलच कोणाच्या तरी भाराने सुटलेले असते.

रस्त्यावरची काळजी यापेक्षा कमी नाही. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात, परंतु ती चढायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतात ते टायर. टायरच्या बाजूला तीन शिखरे आणि हिमकण यांची खूण असेल तरच ते खऱ्या हिवाळ्याचे समजावेत. सॅमनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैलोन्‌मैल मोबाइलची रेंज नसते आणि संध्याकाळी हरणे व एल्क ही मोठ्या जातीची हरणे रस्त्यावर येतात. तेव्हा निघण्यापूर्वी ५११ या क्रमांकावर रस्त्यांची स्थिती पाहावी, टाकी भरलेली असावी, गाडीत फावडे, ब्लँकेट आणि पाणी असावे, आणि पुढचा टप्पा उजेडातच संपवावा. खिंड बंद असेल तर मुक्काम वाढवावा. आरक्षणाचे पैसे बुडतील या विचाराने वादळात गाडी काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या मागच्या सीटवर लहान मुले होती.

आपल्या पुरवणीने येत्या हिवाळ्यात एखादे पान या लहान डोंगरांना द्यावे, आणि त्यात हॉटेलांच्या छायाचित्रांऐवजी रस्ते, टायर, शिकवणी आणि झाडांजवळचे खड्डे यांची माहिती असावी, अशी माझी विनंती आहे. डिसेंबरच्या सुटीतील आरक्षणे बहुतेक कुटुंबे ऑक्टोबरातच करून टाकतात, त्यामुळे हा मजकूर दिवाळीच्या सुमारास आला तर त्याचा खरा उपयोग होईल.

आपली,
एक वाचक,
बॉइसी, आयडाहो