बेलिझेरचं नाव चित्राने नाही, कागदाने सांगितलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत न्यू ऑर्लिन्सच्या त्या जुन्या चित्राबद्दल वाचलं. फ्रे नावाच्या व्यापाऱ्याची तीन गोरी मुलं आणि मागे उभा असलेला, त्यांच्याकडे गुलाम असलेला काळा मुलगा. लेख छान होता पण त्यात सगळं श्रेय चित्र साफ करणाऱ्यांना दिलंय ते काही पटलं नाही म्हणून हे लिहितोय.

चित्र 1837 च्या सुमाराचं. 1900 च्या आसपास कोणीतरी त्या मुलावर रंग फासून त्याला गायबच केलं. पुढे 1972 ला ते चित्र तिथल्या म्युझियमला दान मिळालं, त्यांनी तीसेक वर्षं गोडाउनमध्ये ठेवलं आणि 2005 ला विकून टाकलं! नंतर वरचा रंग काढल्यावर मुलगा दिसला, इथपर्यंत ठीक. पण दिसला म्हणजे चेहरा दिसला, नाव कुठे कळलं? नाव शोधलं केटी मॉर्लस शॅनन या इतिहासकार बाईंनी, चित्र विकत घेणाऱ्या जेरेमी सिमियन यांच्या सांगण्यावरून, आणि ते सापडलं मालकाच्या खरेदी-विक्रीच्या कागदांत. लुइझियानात (न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे तिथे) गुलाम म्हणजे कायद्याने स्थावर मालमत्ता, त्यामुळे जमिनीच्या खरेदीखतासारखं माणसाचंही खत नोटरीपुढे व्हायचं आणि त्यात नाव, वय सगळं यायचं. उलट अमेरिकेच्या 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची यादी बघा, मालकाचं नाव आणि खाली नुसतं वय, लिंग, रंग. तिथे शोधून हाती काय लागणार.

तर मुलाचं नाव बेलिझेर, जन्म 1822, आईचं नाव सॅली. सहा वर्षांचा असताना आईसकट फ्रेला विकला गेला, चित्रात तो पंधराचा आहे. फ्रे वारल्यावर त्याच्या बायकोने 1856 ला त्याला एव्हरग्रीन नावाच्या उसाच्या मळ्यावर विकलं. 1861 पर्यंत तिथल्या कागदांत तो आहे, मग यादवी युद्ध सुरू झालं आणि पुढे माग लागत नाही. चित्र 2023 ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने घेतलं आणि आता चित्राच्या नावातच बेलिझेर पहिला आहे, फ्रेची मुलं नंतर. हे मला फार आवडलं.

आता आपल्याकडचं. पेशवाईत कुणबिणी, बटकी म्हणजे गुलाम बायका विकत घेतल्या जायच्या, त्याचे व्यवहार पेशवे दप्तरात आहेत, पुण्यातच, मोडी लिपीत. आपण नजराणे आणि लढायांवर पानंच्या पानं छापतो (मीही आवडीने वाचतो) पण या बायकांबद्दल वर्षाकाठी एक लेखसुद्धा नाही. मोडी वाचणारे अभ्यासक आहेत की, त्यांच्याकडून एखादा असा कागद लिप्यंतर करून घ्या आणि पुरवणीत छापा, जुन्या मजकुराचा फोटोही टाका म्हणजे शिकणाऱ्यांना ताडून बघता येईल. दर महिन्याला एक जरी आला तरी चालेल.

आपला,
एक वाचक, सातारा