७,६७२ घुडखरं आणि पत्ता एकच

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचा. घरात मराठी आणि गोठ्यात गुजराती, अशी माझी सगळी नोकरी गेली. जनावरांचा डॉक्टर म्हणून निवृत्त झालो. पत्र मराठीत लिहितोय. आपल्या खात्यात ते वाचून दाखवणारं कुणी ना कुणी असेलच.

विषय घुडखराचा, म्हणजे कच्छच्या छोट्या रणातल्या रानगाढवाचा. नावात ‘खर’ आला आणि बिचाऱ्याची निम्मी अब्रू तिथेच गेली. वाघासाठी मोर्चे निघतात, गाढवासाठी कोण काढणार? २०२० च्या गणनेत ६,०८२ घुडखरं होती, २०२४ मध्ये ७,६७२ भरली. आनंदाचीच गोष्ट आहे, आणि वनखात्याच्या माणसांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण एकेकाळी सिंध-बलुचिस्तानापासून राजस्थानापर्यंत फिरणारं हे जनावर आज छोटं रण आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख सोडला तर रानात कुठेच नाही. माझी झोप उडते ती इथे.

१९६२ मध्ये ती ८७० च्या आसपास होती. १९६९ मध्ये मोजली तेव्हा ३६२ उरली होती. त्याच्या थोडं आधी, १९५८ च्या सुमाराला, सर्रा (रक्तातल्या परजीवीने होणारा ताप) आला होता, आणि १९६०-६१ मध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेस, घोड्या-गाढवांचा विषाणूने होणारा रोग. सर्रा मी आयुष्यभर पाहिलाय. तापाने फणफणलेल्या घोडीच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादी मासळी अडकावी तसं काहीतरी वळवळताना दिसतं, आसपासच्या पेशी धक्के खात हलत असतात. पाळीव घोडी असेल तर सुई टोचून वाचवता येते. रणात ताशी साठ-सत्तर किलोमीटरने पळणाऱ्या घुडखराला सुई कोण टोचणार?

ही जागा कशी आहे तेही सांगतो. पावसाळ्यात छोटं रण पाण्याखाली जातं आणि वर उरतात ती उंचवट्याची बेटं, सुमारे ७४. बजाणा-झैनाबादच्या बाजूने आत गेलं की हिवाळ्यात सगळी भेगाळलेली पांढुरकी माती असते, मध्येच मीठ पिकवणाऱ्या अगरियांची झोपडी आणि मिठाच्या वाफ्यांवर चालणारा सोलर पंप. मागच्या डिसेंबरात अशाच एका बेटाच्या कडेला एक मादी शिंगरू घेऊन उभी होती. ताठ उभी आयाळ, पाठीवरून शेपटीपर्यंत गेलेला गडद पट्टा, पोट पांढरं. शिंगरू पाच-सहा महिन्यांचं, म्हणजे पावसाळ्यातलंच. आमच्याकडे बघत बघत ती वेड्या बाभळीच्या शेंगा खात होती. ती गेल्यावर मी तिची लीद काडीने फोडून पाहिली (ही खोड जायची नाही), तर आत अख्ख्या बिया. म्हणजे जे झुडूप रण गिळत चाललंय, ते घुडखरच पेरत फिरतं. पण त्याला खायला तरी दुसरं काय ठेवलंय आपण?

मादीला अकरा-बारा महिने गाभ असतो, आणि एका वेळी शिंगरू एकच. विण्याचा हंगाम पावसाळ्यातला, जनावरं बेटांवर दाटीवाटीने उभी असतात तेव्हाचा. गोमाशा आणि चिलटं माजतात तीही तेव्हाच. सर्रा गोमाशी पसरवते, हॉर्स सिकनेस चिलटं. साहेब, रोगाने वेळापत्रक आखायचं म्हटलं तरी याहून सोयीचं आखता आलं नसतं.

हॉर्स सिकनेस इतिहासजमा झाला असं कुणी म्हणेल. २०२० मध्ये तो थायलंडमध्ये उगवला आणि शेकडो घोडे गेले. बाहेरून आणलेल्या झेब्र्यांवर संशय होता. आपल्याकडे २००६ मध्ये पुणे-पाचगणीच्या घोड्यांत ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग निघाला होता, तोही कुणाला अपेक्षित नव्हता.

मंगोलियाच्या तखीची, म्हणजे खऱ्या रानघोड्याची, गोष्ट आपल्याला ठाऊक असेल. १९६९ नंतर तो रानात दिसलाच नाही. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या डझनभर जनावरांच्या वंशातून तो वाढवला आणि १९९२ पासून मंगोलियात परत सोडला, तोही सुरुवातीपासून दोन ठिकाणी, हुस्ताईला आणि गोबीत. २००९-१० च्या हिवाळ्यात गोबीतल्या तखींपैकी जवळपास दोन तृतीयांश थंडीने मेले. तरी तखी बुडाला नाही, कारण त्याचं दुसरं घर शाबूत होतं. आपला शेतकरीसुद्धा सगळं बियाणं एका कणगीत ठेवत नाही.

आता आपण गीरच्या सिंहांचं नाव घ्याल. ते मीच घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगूनही सिंह दुसऱ्या घरी, मध्य प्रदेशातल्या कुनोला, गेले नाहीत, आणि २०१८ मध्ये गीरमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूरोगाची साथ आली. कुनोला पुढे चित्ते गेले. ते आले याचा मला आनंदच आहे. फक्त एवढंच वाटतं, की परदेशातून विमानाने चित्ता आणता येतो, तर घुडखराला ट्रकमधून राजस्थानात नेता येणार नाही का? इस्रायलने १९८२ पासून नेगेवच्या वाळवंटात रानगाढवं सोडली, ती तिथे रुजली. थरमध्ये जागा आहे. जुनागडच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयात घुडखरांची पैदास झालेली आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची शाखा बिकानेरलाच आहे. नाही ती फक्त आपली सही.

ती होईपर्यंत रणाकाठच्या गावांतल्या गाढवा-घोड्यांच्या रक्ताची दर वर्षी पावसाळ्याआधी तपासणी व्हावी, आणि गणनेच्या तक्त्यात डोक्यांच्या आकड्याशेजारी रोगांचाही रकाना असावा. आणखी एक. नर्मदेचं पाणी आल्यापासून रणाच्या कडेला जिरं आणि कापूस वाढलाय, आणि रात्री घुडखरांचा कळप त्यात शिरतो. एका शेतकऱ्याने मला बॅटरी आणि काठी दाखवली, म्हणाला, “डॉक्टरसाहेब, कायदा त्याच्या बाजूने आहे, थंडी माझ्या बाजूने.” त्याची भरपाई वेळेत मिळाली नाही तर हा ७,६७२ चा आकडा त्याच्या डोळ्यांत खुपणारच.

बिकानेरला कामासाठी माणूस कमी पडला तर मला कळवा. सूक्ष्मदर्शक मी माझा घेऊन येईन.

आपला,
बडोद्याचा एक निवृत्त पशुवैद्य